एकदा वाजला की ती ठीक

३ मार्च
बॅटरी फुगली. फोनचं मागचं झाकण बसेना. गावातल्या दुकानात गेलो. तिथली बाई मला आजोबा करत म्हणाली, "लोलो, असली बॅटरी माझ्या बापानंही पाहिली नसेल." पूर्वी तिथे बेर्तो बसायचा. रेडिओ, कॅसेट, काहीही उघडून नीट करून द्यायचा. आता नुसते काचेचे फोन आणि रंगीत झाकणं.

आता मिंदाचं कसं कळणार? अकरा वर्षं लेक हाँगकाँगला लोकांची घरं सांभाळते. संध्याकाळी माझा भात चुलीवर असतो, तेव्हा फोन एकदा वाजून तुटतो — म्हणजे ती ठीक. उचलायचा नाही, तिचे पैसे जातात. लगेच पुन्हा वाजला तरच उचलायचा.

५ मार्च
दोन संध्याकाळी काही नाही. भात करपला.

८ मार्च
मिंदाने जहाजाने पाठवलेला खोका आला. साबण, कॉफी, मटणाचे डबे आणि खाली टॉवेलात गुंडाळलेला काचेचा फोन. वर बापासाठी चिठ्ठी — "ताताय, याला पैसे पडत नाहीत." मालकिणीने फुकट दिला असेल. बरं झालं.

शेजारच्या नेनिताने तिच्या वायफायवर जोडून दिला, मिंदाला तसं कळवलंही. मी लांबूनच बघत होतो. वयाने मोठा म्हणून ती मला नोंग म्हणते. म्हणाली, "हात लावा की, नोंग. फोन आहे, विंचू नाही."

९ मार्च
वाजला. गाणंच लागलं, आणि काचेवर मिंदाचा चेहरा! बराच वेळ वाजलं, मग बंद. पुन्हा वाजलं नाही. म्हणजे ठीक.

१२ मार्च
रोज येतो. चुकून बोट लागू नये म्हणून हात मागे घेऊन बसतो. चेहरा जाईपर्यंत बघतो. वाळली आहे का? फोटो कधीचा, कळत नाही.

१५ मार्च
तिचा करार या महिन्यात संपतो. नाताळात फोनवर विचारत होती, "ताताय, परत येऊ का?" मी म्हणालो, छपराचं अर्धं काम राहिलंय. तोंडातून निघून गेलं. तिची आई असती तर मला बोलू दिलं नसतं. पुन्हा विचारील तेव्हा नीट सांगायचं. लगेच दुसऱ्यांदा वाजायची वाट बघतोय.

१८ मार्च
एकदाच वाजला.

१९ मार्च
आज नाहीच. जेवलो नाही.

२० मार्च
सकाळीच नेनिताकडे फोन नेला. काचेवर कोपऱ्यात लाल टिकली, आत आकडा. तिने त्यावर बोट लावलं. "नोंग, मिंदाने दहा वेळा फोन केला. एकदाही उचलला नाहीत?"
म्हटलं, ती ठीक आहे एवढंच कळवते. उचलला तर तिचे पैसे—
"कसले पैसे? यावर बोलायला पैसे पडतच नाहीत. ती बोलायला करत होती, नोंग."
चिठ्ठी काढून वाचली. तसंच लिहिलंय.
नेनिताने तिथूनच लावला. उचलला नाही. कामात असेल. मी काय बोलायचं ते ठरवून ठेवलं — ये. आहे त्या छपराखाली राहू.

२१ मार्च
वाजला. उचलला. माझ्या आधी तीच बोलली. "ताताय, परवा सही केली. आणखी दोन वर्षं. तुम्ही उचलत नव्हता. मला वाटलं, हेच तुमचं उत्तर."