तीन दिवसांत झाडलेला बांध

सोनगीर, १४ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप झुलालनाना यांना धाकट्या साडूचा, म्हणजे अभिमनचा, वाकून नमस्कार.

आम्ही इकडे बरे आहोत. तुमचा डावा गुडघा कसा आहे? (उजवा असेल तर उजवा.) अक्कांचा खोकला थांबला असेल. फोनच केला असता, पण माझं नाव दिसलं की तुम्ही फोन गादीखाली ठेवता, असं अक्कांनीच धाकट्या बहिणीला, म्हणजे आमच्या रत्नाला, सांगितलं. त्यात तुमची चूक नाही. तुमच्या ललितच्या लग्नात, भर पंगतीत, नानांच्या शेतात कपाशी पाहुणी आहे आणि घर गवताचं आहे, असं मी म्हणालो होतो. लोक हसले आणि तुम्ही पानावरची जिलबी तशीच ठेवून उठलात. माझं ते बोलणं चुकीचं होतं. किती चुकीचं, ते पुढं येईलच.

आमचा कापूस हस्तीमल शेठजींच्या जिनिंगला जातो, तिथून रुई सूतगिरणीला, सूत कापड गिरणीला आणि कापड परदेशातल्या एका कंपनीला, जी सदरे शिवते. आजवर त्या कंपनीला सोनगीर माहीत नव्हतं आणि सोनगीरला ती कंपनी. आता मात्र सदऱ्याचा कापूस कुठल्या शेतात पिकला आणि त्या शेतात पाखरं किती होती, हे त्यांना हवं आहे. याला ते जैवविविधता म्हणतात. शेठजींकडे तीस पानी फॉर्म आला. कापूस मुठीत धरून ओलावा सांगणारा माणूस, पण बांधावर सरडे किती, या रकान्यापाशी तो अडला. त्यांचा नातू रोनक फॉर्म घेऊन माझ्याकडे आला, कारण अडतीस शेतकऱ्यांच्या गटाचा प्रमुख मी आहे.

रोनकने माझ्या बांधाचे फोटो काढून पाठवले. बोर, हिवर, तरवड, विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीची अकरा घरटी. कंपनीला बांध फार आवडला. मुंबईच्या ऑफिसातल्या हर्षिता मॅडम स्वतः बघायला येणार, आणि त्यांनी पसंत केला तर आमचा गट कंपनीच्या यादीत राहणार, नाहीतर अडतीस जणांचा कापूस पुन्हा सरसकट ढिगात. मी घरी एवढंच म्हणालो की कंपनीची माणसं आपला बांध बघायला येणार आहेत. नाना, चूक झाली ती या एका वाक्यात. ‘आहे तसा राहू द्या’ हे मी म्हणायला हवं होतं, पण कुणी बघायला येणार म्हटल्यावर आपल्या घरांत पुढं काय होतं, हे मला लग्नाला सव्वीस वर्षं होऊनही सुचलं नाही.

मी शाल-नारळ आणायला धुळ्याला गेलो आणि तिथं एका कामात तीन दिवस अडकलो. परत आलो तर बांध हजामत केल्यासारखा. रत्नाने सहा बाया लावून सगळी झुडपं काढली होती, दगडांना चुना दिला होता, वर सडा-रांगोळी. पाहुणीला किडे चावू नयेत म्हणून कडुनिंबाचा धूर केला होता. सुगरणीची घरटी उतरवून पाहुणीसाठी घातलेल्या मांडवाला तोरणासारखी टांगली होती. (रिकामी होती, असं तिचं म्हणणं.) ते बघून गावातल्या बाकीच्या बायांना आपले बांध ओंगळ वाटू लागले, आणि त्याच आठवड्यात अडतीसच्या अडतीस बांध स्वच्छ झाले. गावात एवढी एकी मी पूर्वी पाहिली नव्हती.

मॅडम आल्या. दुर्बीण लावून तासभर उभ्या राहिल्या. दोन कावळे आणि एक साळुंकी दिसली, साळुंकीही शेठजींच्या गाडीवर. शेठजींनी, काहीतरी भर पडावी म्हणून, शेजारच्या ताईबाईच्या शेळ्या दाखवल्या. मग रांगोळीतला मोर दाखवला. मॅडमनी तो लिहून घेतला नाही. फोटो आणि बांध आळीपाळीने बघून त्यांनी मला शांतपणे विचारलं, “भाऊ, इथं काहीतरी होतं ना?”

मी काही सांगायच्या आत रत्ना पुढं झाली. “व्हतं ना ताई. बठ्ठा कचरा व्हता. तीन दिन लागनात काढाले.”

मॅडम रागावल्या नाहीत. भरीत-भाकरी खाल्ली, रत्नाच्या हाताचं कौतुक केलं आणि जाताना म्हणाल्या, वीस तारखेला पुन्हा येते. शेठजींच्या जिनिंगला कापूस घालणाऱ्या कुणाचाही, हात न लावलेला एक बांध दाखवा. तोवर यादीतून नाव काढत नाही.

आता असा बांध आणायचा कुठून? मी शेतं डोळ्यांपुढं आणली, मग गावं, मग नातेवाईक. आपल्या सगळ्या गोतात एकच माणूस असा आहे, ज्याने वीस वर्षांत बांधाला विळा लावलेला नाही.

अक्कांना नमस्कार. ललित आणि सूनबाईंना आशीर्वाद.

तुमचा,
अभिमन

ता. क. तुमचा कापूसही शेठजींच्याच जिनिंगला जातो, म्हणजे या साखळीत तुम्हीही आहात. वीस तारखेला मॅडमना भडगावला घेऊन येतो. बांध तुमच्याच नावाने दाखवू. पंगतीतलं वाक्य मी मॅडमपुढं मागं घेईन. तुम्ही काहीही करायचं नाही. नेहमी करत नाही तसंच.

ता. क. २. पत्र रत्नाला वाचून दाखवलं. ती म्हणते, एवढं लिहायची गरज नव्हती, तिने परवाच अक्कांना फोन करून सांगितलं आहे की कंपनीची माणसं तुमचा बांध बघायला येणार. आणखी काही सांगितलंस का, असं विचारलं, तर नाही म्हणाली. अक्का म्हणाल्या म्हणे, काळजी करू नको, आम्ही सोनगीरला मागं टाकू. म्हणून हे पत्र पोस्टात न टाकता धुळे-भडगाव एसटीच्या कंडक्टरकडे, आपल्या जीवरामकडे, देतो आहे. सकाळपासून अक्कांचा फोन लागत नाही. तुमच्या शेतात रेंज नसते, हे मला माहीत आहे. नाना, गुडघा कसाही असला तरी आधी शेतात जा. चहा परतल्यावर घ्या.