गोदाचे गंगावन आणि माझी शाई

मुक्काम कल्याण, माघ वद्य पंचमी

वडीलकीच्या नात्याने वंदनीय अण्णांस, कल्याणहून हरिहराचा नमस्कार. आम्ही सर्व बरे आहोत, म्हणजे जिवानिशी आहोत. आपली, आवडाबाई वहिनींची आणि चि. शालूची खुशाली कळवावी. शालूचे लग्न फाल्गुनात ठरल्याचे वाचून इथे फार आनंद झाला. तो दीड घटका टिकला.

कारण असे, की आपल्या भगिनीने, म्हणजे आमच्या गोदाने, त्याच दिवशी जाहीर केले, मी लग्नाला येणार नाही. मुदतीच्या तापात तिचे केस गेले हे आपण जाणताच. (पूर्वी वेणी धरून विहिरीत उतरता आले असते, आता ती उंदराच्या शेपटीइतकी राहिली आहे. ही उपमा तिचीच. मी वापरली तेव्हा दोन दिवस अबोला होता.) सख्खी आत्या, आणि लग्नाला जमलेल्या ठाण्याच्या बायकांपुढे खोप्यावाचून उभी राहू काय, असा तिचा प्रश्न. खोपा हवा तर केसांत गुंफायला गंगावन हवे आणि गंगावन हवे तर ते आणणार कोण? शाळा सुटल्यावर रिकामा दिसणारा मनुष्य घरात एकच आहे.

अण्णा, मी पंधरा वर्षे मुलांना त्रैराशिक शिकवतो. पण गंगावन घेण्याइतकी अवघड विद्या मी पाहिली नाही. मनुष्याच्या केसांचे घेऊ नये, ते कोणाच्या डोक्यावरचे कोणास ठाऊक, अशी घरची सक्त ताकीद. तेव्हा वनगाईच्या शेपटीचे. तेही गुडघ्यापर्यंत नको, कमरेपर्यंत. मुळाशी जाड, टोकाशी निमुळते. रंग जुळावा म्हणून गोदाने स्वतःचा एक केस कागदाच्या पुडीत बांधून दिला होता. विक्रेत्यापुढे मी ती पुडी उघडली आणि वारा आला. मग रंग आठवू लागलो. आठवेना! बारा वर्षांचा संसार, आणि बायकोचे केस काळे की तपकिरी हे मला भर बाजारात सांगता येईना. अण्णा, त्या वेळी मला स्वतःची फार लाज वाटली. लाजेपायी मी दाखवले ते पहिलेच घेतले. छपराखाली ते काळे होते. घरी उन्हात धरले तर घोड्याच्या आयाळीसारखे तांबूस.

विक्रेत्याने निगा सांगितली होती: तेल बोटभर, विंचरणे टोकाकडून वर, आणि कढत पाणी मुळीच लावू नये. हे सर्व मी वहीत सुवाच्य उतरून घेतले. मग वही मिटली आणि मास्तराच्या बुद्धीने विचार केला. (हा विचार माझाच होता, ते मी नाकारीत नाही.) शाळेसाठी शाई मीच करतो, हिरडा आणि हिराकस लोखंडी कढईत उकळले की असा काळा रंग येतो, की सरकारी दप्तरात शंभर वर्षे हलत नाही. जो कागदावरून हलत नाही तो केसांवरून काय हलणार? रविवारी सकाळी स्नान आटोपून मी चूल पेटवली, वाकून फुंकणी फुंकली आणि गंगावन कढईत सोडले. (त्या गडबडीत माझे स्वतःचे काही किरकोळ नुकसान झाले, ते लिहिण्याजोगे नाही.) बाहेर निघाले ते भुंग्यासारखे काळे! गोदा कितीतरी दिवसांनी हसली.

तो खोपा घालून ती शेजारच्या शेवंतीकाकूंकडे हळदीकुंकवास गेली. काकूंचा हात सढळ. गुलाबदाणी घेऊन त्यांनी आल्यागेल्यावर गुलाबपाणी शिंपडले, आणि माझी शंभर वर्षे टिकणारी शाई गोदाच्या मानेवरून पिवळ्या चोळीवर उतरली. पाट्या संपल्या म्हणून मास्तर आता बायकोच्या पाठीवर लिहितात काय, असे काकूंनी विचारले म्हणे. गोदाने घरी येऊन खोपा सोडला. मी गंगावन धुतले, तर रंग सगळा गेला आणि उरला तो निव्वळ काथ्या. त्याने हल्ली आमच्याकडे कढई घासतात.

एकूण आपली भगिनी हट्टाला पेटली आहे, तेव्हा आमचे येणे कठीण दिसते. बायकांच्या या केशचिंतेपुढे माझ्यासारख्या साध्या मनुष्याने काय करावे? सर्वांस यथायोग्य सांगावे.

आपला,
हरिहर

ता. क. वहिनी विंचरताना गळलेले केस गुंडाळून कोनाड्यात साठवतात असे गोदाकडून कळते. घरचेच केस असल्याने हरकत निघणार नाही. त्यांतून एक गंगावन वळून मिळाल्यास मार्ग निघेल.

आणखी ता. क. त्यातूनच वीतभर लांबीचा, करंगळीएवढा एक झुबका निराळ्या पुडीत घालावा. ती पुडी घरी न पाठवता शाळेच्या पत्त्यावर धाडावी. कशासाठी, ते कृपा करून विचारू नये.

अण्णास गोदाचा नमस्कार. पत्र खळ लावून बंद करायला माझ्याच हाती दिले, म्हणून दोन ओळी लिहिते. (अक्षर यांनीच शिकवले.) मी लग्नाला येते आहे. परवाच सांगितले यांना, की डोक्यावरून पदर घेईन, पण शालूच्या पाठीशी मीच उभी राहीन. अडून बसलेत ते हे. चूल फुंकताना यांची शेंडी जळाली. पंगतीत पगडी उतरवली की चार माणसांत दिसेल, म्हणून रात्रंदिवस घोर. वहिनीला म्हणावे, माझे गंगावन राहू दे, यांचे आधी वळ. काळ्यात जरा तपकिरी झाक हवी, आणि डाव्या अंगाला तीन केस पांढरे. नमुना पाठवत नाही, मला पाठ आहे.