गप्प बसायची सेवा

लाडक्या आक्कास,

सोलापूरच्या उन्हातून धाकटीचा जय ख्रिस्त. मिरजेत तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला गेला का? (नसेल तर तुझे काढे थांबव. निम्मा खोकला काढ्याच्या भीतीनंच येतो त्यांना.)

आपल्या चर्चमध्ये पेटी वाजवणारा शांतवन आठवतो ना, टॉवेल कारखान्यातला? नाताळानंतर तो उपासनेला यायचा बंद झाला. कामावर जाईना, दाढी करीना, भिंतीकडं तोंड करून नुसता पडून. आपली मंडळी प्रेमळ. (इतकी प्रेमळ माणसं एका खोलीत एकदम शिरली की आजाऱ्याला श्वास घ्यायला जागा उरत नाही.) कुणी म्हणालं, विश्वास कमी पडला. कुणी उपास सांगितला, कुणी जंताचं औषध दिलं. मी उशाशी बसून ईयोबाच्या हालांची अख्खी गोष्ट सांगितली, गळवांसकट. पुढच्या खेपेला त्याची बायको करुणा दारातच आडवी उभी. म्हणाली, "मावशी, तुम्ही सगळी येऊन गेला की ते दिवसभर जेवत न्हाईत."

लई लागलं गं मला. तशीच पाळकसाहेबांकडं गेले. ते म्हणाले, "एकेकानं जा, आणि बोलू नका." हे कुणाला, तर मला!

मग मी रोज दुपारी भुईमुगाच्या शेंगा घेऊन जायची आणि त्याच्याजवळ फोडत बसायची. (शेजारणीच्या सुनेची ताजी बातमी ओठापर्यंत आली होती, ती शेंगदाण्याबरोबर गिळली.) आठवडा उलटला तसा शांतवन कुशीवर वळला, माझ्याकडं बघत राहिला आणि काळजीनं म्हणाला, "मावशी, तुम्हाला बरं न्हाई का?"

मी हसले, तो हसला, करुणा पिठाच्या हातांनी धावत आली. मग तो आपणहून बोलला. झोप नाही, आणि जगून काय करायचं असं सारखं मनात येतं, म्हणाला. माझ्या तोंडात बायबलातली तीन वचनं तयार होती, पण एवढंच म्हणाले, "माझ्यासंगं मनाच्या डॉक्टरकडं येतोस?"

"येतो की."

पाळकसाहेब स्वतः रिक्षा घेऊन आले. गोळ्या सुरू झाल्या. करुणा आता त्याला एकटं सोडत नाही, आणि जड वाटलं की तो स्वतःच सांगतो. शांतवनला विचारून पाळकसाहेबांनी व्यासपीठावरून सांगितलं, "मी बीपीची गोळी घेतो, तेव्हा माझा विश्वास कमी पडला असं कुणी म्हणत न्हाई."

आणि काल रविवारी तो आला! मागच्या बाकावर बसला. सगळ्यांनी हसून नमस्कार केला, जागा दिली, आणि एकानंही काही विचारलं नाही. आपल्या मंडळीत, आक्का! पेटी त्यानं वाजवली नाही, आम्हीही गळ घातली नाही. गाणं बेसूर झालं, लई बेसूर, पण इतक्या मोठ्यानं आम्ही आजवर कधी गायलो नव्हतो.

तुझी विजयी धाकटी,
एस्तेर

ता. क. : आमचे हे गेल्यापासून पहाटे माझ्या छातीत धडधडतं, उगाच रडू येतं. त्या डॉक्टरांना हळूच सांगितलं, तर त्यांनी मलाही पुढच्या बुधवारी बोलावलंय. एकटीनं जायचा धीर होत नाही. तू येशील? मंडळीत मात्र कुणाला कळवू नकोस.

पुन्हा ता. क. : पाकीट चिकटवणार तोच शांतवन आला. त्याला सांगून टाकलं. म्हणाला, "मी येतो की सोबत, मावशी. डॉक्टर चांगले हायत." तेव्हा तू आली नाहीस तरी चालेल. पण ये.