दोन सिटांची पिवळी गाडी

पालेगाव, अंबरनाथ (पूर्व)
मंगळवार

प्रिय रविनाताई,

पाकीट बघून तुला हसू आलं असेल. पालेगावहून उल्हासनगर कॅम्प चारला रिक्षानं यायला अर्धा तास पुरतो, आणि तुझा भाऊ तुला पत्र लिहितोय. दर भाऊबीजेला तुझ्याकडे जेवतो, एरवी फोनवर तुझं डोकं खातो, तरी शाळा सुटल्यापासून एवढं पहिल्यांदाच लिहायला बसलोय. अक्षराला नावं ठेवू नकोस. हे फोनवर बोलायचं नाही असं ठरलंय. कोणी ठरवलं, ते पुढे येईलच.

आधी गाडीचं सांगतो, कारण सगळं तिच्यापासूनच सुरू झालं. लहानपणी वहीच्या मागच्या पानावर मी एकच गाडी काढत बसायचो, बसकी, दोन दारांची, आणि तू तिला चपटी बेडकी म्हणायचीस. ती बेडकी आता आपल्या अंगणात उभी आहे, पिवळीधमक. तुला फोटो पाठवला होता, पण फोटोत तिचा आवाज येत नाही. चालू केली की शेजारच्या नूतनवहिनींची कोंबडी अजून पत्र्यावर उडून बसते. आईनं हळदकुंकू लावलं, लिंबू चिरडलं, एकदा आत बसून बघितलं आणि म्हणाली, जमिनीवर पाट मांडून बसल्यासारखं वाटतंय, आता कोणीतरी वाढा. शोरूममध्ये कोणी सांगत नाही ताई, पण ही गाडी घेतली म्हणजे तिच्यासोबत राहायला शिकावं लागतं. आपल्या गल्लीतल्या देवळापुढचा स्पीडब्रेकर तिला सरळ चढता येत नाही, तिरकी घ्यावी लागते, तरी पोट घासतं. पहिल्याच दिवशी घासलं तेव्हा माझ्याच पोटात कळ आली.

बाबा ओट्यावरून सगळं बघत होते. मी पुढचं झाकण उघडून डिकी दाखवली आणि इंजिन मागे आहे म्हणून सांगितलं, तर म्हणाले, "म्हंजी बैल गारीच्या मांगं जुपलाय." बस, एवढंच. नंतर आठवडाभर गाडीकडे बघितलंसुद्धा नाही. शेतावर बिल्डरचे टॉवर उभे राहिल्यापासून त्यांना नवीन कुठल्याच गोष्टीचं फारसं कौतुक नाही, हे तुला माहीत आहे. माझ्या जेसीबीवरही ते कधी चढले नाहीत.

मी आणि माझा दोस्त कल्पेश कन्याकुमारीपर्यंत जाणार होतो. जेसीबीच्या धंद्यात पावसाळ्याआधीची कामं उरकली की थोडी उसंत मिळते, तेव्हाचं ठरवलं होतं. निघायच्या दोन दिवस आधी कल्पेशची बायको बाळंत झाली, ठरलेल्या तारखेच्या खूप आधी. मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. त्यामुळे बेत रद्द म्हणून मी जेवताना सांगत होतो, तर बाबा ताटातून मान वर न करता म्हणाले की मी येतो. आई आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो. मुंबई-पुणं सोडलं तर या माणसानं ठाणे जिल्ह्याबाहेर पाऊल टाकलेलं नाही. पण आईनं लगेच त्यांचे कपडे काढून ठेवले, जणू तिला हे आधीपासून ठाऊक होतं. डिकीत दोनच लहान बॅगा मावतात, म्हणून तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या बोंबलाची चटणी आणि तू दिलेले सिंधी पापड असं सगळं बोचकं बाबांच्या मांडीवर आलं. हो, तेच पापड. आई दर पंधरवड्याला तुझ्याकडे येते हे त्यांना पहिल्यापासून माहीत आहे. पापड भाजले की ते म्हणतात, हल्ली बाजारात बरे पापड मिळतात. आईही म्हणते, हो, मिळतात.

पहिला दिवस आम्ही जवळपास मुकाट्यानंच काढला. गाडीत बसायला त्यांना आधी टेकायचं, मग एकेक पाय आत घ्यायचा असं शिकवावं लागलं, आणि उतरताना तर मी हात धरून ओढायचो. कुठल्याही पेट्रोल पंपावर थांबलो की पोरं जमायची, मोबाइल काढायची, आणि बाबा मांडीवर बोचकं घेऊन पोलीस पाटलासारखे ताठ बसून राहायचे. महाडच्या पुढे रस्त्याचं काम चालू होतं, तिथे एका खड्ड्याशी मी अडलो. मागून हॉर्न. बाबा काही न बोलता उतरले, वाकून गाडीखाली बघितलं, पुढे जाऊन उभे राहिले आणि हातानं दाखवायला लागले, जरा डावीकडे, आता हळू, आता ये. पूर्वी चिखलातून बैलगाडी काढताना करायचे ना, अगदी तसंच. गाडी न घासता पार झाली. त्यानंतर प्रत्येक खराब ठिकाणी ते न सांगता उतरायचे. रत्नागिरीपर्यंत स्पीडब्रेकर मला दिसायच्या आधी त्यांना दिसायला लागला. एका धाब्यावर कोणीतरी गाडी कोणाची म्हणून विचारलं, तर मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, आमची.

कर्नाटकात मरवंथे नावाचं गाव आहे. तिथे हायवेच्या एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला नदी, मधून फक्त रस्ता. तिथेच एका दगडानं मागचा टायर बाजूनं फाटला. या गाडीत स्टेपनी नसते, ताई. जागाच नाही. एक फेसाची बाटली देतात, ती खिळ्याच्या भोकाला चालते, फाटलेल्याला नाही. त्या मापाचा टायर मंगळुरूलाही नव्हता, बंगळुरूहून यायला दोन दिवस लागणार होते. मी खूप चिडलो, फोनवर ओरडलो. बाबा म्हणाले, ओरडून रबर लवकर येत नाही, आणि रस्ता ओलांडून समुद्राकडच्या कठड्यावर जाऊन बसले. तिथल्याच एका लॉजमध्ये आम्ही राहिलो. दुसरं काही करायला नव्हतं म्हणून दोन्ही दिवस त्या कठड्यावर काढले. बापाशेजारी एवढा वेळ मी कधीच बसलो नव्हतो.

तिथे ते बोलले. सुरुवात भलत्याच ठिकाणाहून केली. रविनाची किर्ती आता तिसरीत ना, म्हणून विचारलं. मी हो म्हटलं. मग तिला गणित जमत नाही वाटतं, म्हणाले. हे त्यांना आईनं सांगितलं असणार असं मी धरून चाललो. थोड्या वेळानं समुद्राकडे बघतच म्हणाले की दुकान मोठं आहे, पडद्याची कापडं बाहेरपर्यंत टांगलेली असतात. मी चमकलो. तुझं दुकान आईनं त्यांना असं वर्णन करून सांगितलं नसेल. खोदून विचारल्यावर कळलं की ते येऊन गेलेत, ताई. एकदा नाही, चारपाच वेळा. उल्हासनगरला गोलमैदानाकडे काही काम काढायचं आणि परतताना तुझ्या दुकानासमोरच्या फुटपाथवर उभं राहायचं. तू गल्ल्यावर बसलेली असायचीस, एकदा कोणा म्हाताऱ्या बाईशी घडाघडा सिंधीत बोलत होतीस, हसत होतीस. त्यांना एक अक्षर कळलं नाही, पण ते तुझ्याकडे बघत राहिले. आणि मग परत.

मला राग आला. इतकी वर्षं आई तुमच्या दोघांच्या मध्ये पिशव्या वाहतेय, आणि हे समोरच्या फुटपाथपर्यंत येऊन माघारी जातात. मी म्हटलं, घरात पाय ठेवू नकोस असं तुम्हीच म्हणाला होतात ना, मग तुम्हीच मोडा, कोण अडवतंय? त्यांनी कठड्यावरची वाळू हातानं झाडली. मग म्हणाले, "माझा शबूद मी फिरवीन. पन तिचा शबूद मी कसा फिरवू?"

तुला आठवतं का, हरेशभावजींशी लग्न ठरवून घरातून जाताना तू काय म्हणाली होतीस? मी तेव्हा कॉलेजात होतो, दाराशी उभा होतो. बाबा म्हणाले होते, या घरात परत यायचं नाही. आणि तू वळून म्हणालीस, येणार नाही, पण तुम्हीसुद्धा माझ्या दारात यायचं नाही. आम्हा सगळ्यांना बाबांचं वाक्य लक्षात राहिलं, त्यांना मात्र तुझं. मला वाटत होतं हा माणूस अजून रागावलेला आहे. तो राग कधीच संपलाय, ताई. ते तुझ्या परवानगीची वाट बघतायत, आणि ती मागायची कशी हे त्यांना माहीत नाही.

पुढचा प्रवास छान झाला, तो लिहायला बसलो तर आणखी दोन पाकिटं लागतील. कन्याकुमारीला त्यांनी तीन समुद्रांकडे बघून हात जोडले आणि पाणी सगळीकडे एकच आहे म्हणाले. तिरुनेलवेलीजवळ पवनचक्क्यांच्या माळावर एक मोकळा रस्ता सापडला, तिथे मी त्यांना स्टिअरिंगवर बसवलं. ट्रॅक्टर चालवलेला माणूस. बैलाला हाकारतात तसा तोंडानं चकचक आवाज काढत त्यांनी ती गाडी वीसच्या स्पीडनं चालवली आणि शर्यत जिंकल्यासारखे उतरले. येताना बंगळुरू, कोल्हापूर, पुणं करून कर्जत-वांगणीच्या बाजूनं आलो. वांगणीला भजी खाल्ली. बदलापूर गेलं, अंबरनाथ आलं, मी पालेगावकडे वळवायला लागलो तर ते म्हणाले, सरळ घे. मी सरळ घेतली. कुठे, असं विचारलंसुद्धा नाही.

पण ही गाडी गुपचूप कुठे नेता येत नाही. तुमच्या गल्लीत शिरलो आणि पाच मिनिटांत पुढेमागे गर्दी. कोण बॉनेटवर हात ठेवतोय, कोण व्हिडिओ काढतोय. बाबा सीटमध्ये खाली खाली सरकत होते आणि त्या सीटला आणखी खाली जागाच नाही. तू गल्ल्यावर नव्हतीस. हरेशभावजी गर्दी बघून बाहेर आले. गाडी त्यांनी फोटोत पाहिली होती, म्हणून मला हसून हात केला, आणि मग शेजारच्या सीटवर त्यांची नजर गेली. ते जागच्या जागी थांबले. काचेतून त्यांनी हात जोडले. बाबांनीही जोडले, ताई, मी शेजारी होतो, मी बघितलं. पण लगेच मला म्हणाले, चल, चल, असं नाय, एवढ्या लोकांत नाय.

गाडी मागे घ्यायची तर गटारावरचं झाकण उंच होतं. भावजींनी ते बघितलं. काहीएक न विचारता त्यांनी पोरांना बाजूला केलं, रिक्षावाल्याला थांबवलं, आणि वाकून गाडीखाली बघत हातानं मला दाखवत राहिले, थोडी इकडे, आता थांब, आता सोड. गल्लीच्या तोंडावर येईपर्यंत ते असे चालत आले आणि मग हात करून परत गेले. अंबरनाथच्या फाटकापाशी बाबा सीटमध्ये वर सरकून बसले. मग म्हणाले, "गारी घासू दिली नाय त्यानं." त्यांच्या तोंडून जावयासाठी निघालेलं हे पहिलं वाक्य. भावजींनी तुला हे सांगितलं का, मला माहीत नाही. ते सांगणार नाहीत असं बाबांचं म्हणणं आहे. म्हणाले, तो माणूस समजूतदार आहे, आधी आपण विचारायला पाहिजे.

म्हणून हे पत्र. मी फोन लावून त्यांच्या हातात देत होतो, पण त्यांनी घेतला नाही. म्हणाले, फोनवर माणसाला तोंडावर नको म्हणता येत नाही, तिला अवघड होईल. कागदावर लिही, ती एकटी वाचील, हवा तेवढा विचार करील. तर ताई, बाबांनी विचारलंय, "येत्या रविवारी सकाळी मी आणि तुझी आई तुझ्या दारात येऊ का?" नको असेल तर काही करू नकोस, कळवूसुद्धा नकोस. मी त्यांना समजावीन, आणि ते तुला दोष देणार नाहीत, हे त्यांनी मला मुद्दाम लिहायला सांगितलंय. हो असेल तर फक्त आईला तसं सांग. आणि एक मी माझ्याकडून लिहितो, हे त्यांनी सांगितलेलं नाही. ते आता चहा बिनसाखरेचा घेतात. तू होतीस तेव्हा तीन चमचे लागायचे, म्हणून म्हटलं, तुला माहीत नसेल.

तुझाच,
तुषार