दोन बोटं जास्त

प्रिय अब्बा,

अस्सलाम अलैकुम. घरात आपण कधी मराठी बोललो नाही, पण गिऱ्हाइकांची नावं लिहून लिहून तुम्हाला वाचता येतं ते मराठीच. म्हणून मराठीत लिहितो, म्हणजे दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यावं लागणार नाही. मी बरा आहे. जठारपेठेतली खोली तीच आहे, खानावळही तीच. दिवसभर दवाखान्यात लोकांच्या गळ्याला बोट लावून ठोका शोधतो. त्यांना बोलायची मनाई असते, आणि संध्याकाळी खोलीवर आलो की माझ्याशी बोलायला कोणी नसतं. सवय झाली आहे.

परवा अंजनगावहून नत्थुजी तपासून घ्यायला आले होते. मला बघताच सगळ्या पेशंटांसमोर म्हणाले, “काहून रे उसामा, काय सांगतलं तू तुह्या बापाले? तो मशीनवर बसूनच नाही राहिला! मी कुर्त्याचं इचाराले गेलो तं म्हणते, माह्या नसा सत्तर वर्साच्या झाल्या, तुयं कापड वापस ने.” लोक हसले. मीही हसल्यासारखं केलं. पण अब्बा, अम्मी गेली त्या आठवड्यातही तुम्ही कोणाचं कापड परत केलं नव्हतं. कापूस पडल्या भावाने गेला त्या दोन वर्षांत लोक कपडे शिवायला टाकून न्यायला आले नाहीत, दुकानातल्या तारेवर नुसते लोंबत राहिले. तेव्हासुद्धा तुम्ही त्यांवरची धूळ झटकून मशीनवर बसत होता.

तुम्ही माझ्या दवाखान्यात आलात त्या दिवशी, बटणं घ्यायला अकोल्यात आलो असं सांगितलंत. बटणं अंजनगावातही मिळतात, हे मला माहीत आहे. चक्कर येते हे तुम्ही मला नाही, आमच्या डॉक्टर शैला मॅडमना सांगितलंत, तेही त्यांनी दोनदा विचारल्यावर. मग तुम्हाला टेबलावर झोपवलं. मांडीपाशी ठोका शोधायचा म्हटल्यावर तुम्ही तोंड भिंतीकडे केलंत. मी चादर ओढून घेतली आणि न बघताच बोट टेकवलं. गळ्यापाशी ठोका लगेच सापडला. तुमच्या गळ्याला मी त्याआधी कधी हात लावला होता, ते आठवत नाही. मशीन चालू असेपर्यंत आपण दोघंही गप्प होतो. तसे आपण दोन वर्षं गप्पच होतो, पण त्या दिवशी तो दवाखान्याचा नियम होता, म्हणून अवघड वाटलं नाही. ते अजून थोडं चालावं असं मला वाटत होतं.

त्याच्या आधीची गोष्ट मात्र लिहायलाच हवी. हृदयाचा ठोका गळ्यापाशी आधी पोचतो, मांडीपाशी मागाहून. मधला वेळ मशीन मोजतं, मधलं अंतर आपण टेपने मोजून भरायचं असतं. नस मऊ असेल तर ठोका सावकाश जातो. जुन्या इलॅस्टिकसारखी ताठ झाली की धावत सुटतो. मी दवाखान्याचा टेप उचलला, तर तुम्ही खिशातून स्वतःचा काढलात आणि म्हणालात, “नाप मी घेतो. तू शिकला कुठं अजून?” मॅडम हसल्या. मी टेप खाली ठेवला. तुम्ही गळ्यापासून पोटावरून टेप सोडलात, मांडीपाशी अंगठा धरलात आणि आकडा सांगितलात. मी तो भरला. मशीनने नसांचं वय सत्तर सांगितलं, ठोका फार जोरात धावतो म्हणून, असं मॅडमनी समजावलं, आणि तुम्ही म्हणालात, “जोरात धावते तं चांगलंच झालं ना मॅडम! आमच्या अंजनगावच्या एसटीले दाखवा हे मशीन.” सगळे हसले. कागद मात्र तुम्ही चार घड्या करून आतल्या खिशात ठेवलात.

नत्थुजी गेल्यावर मी ते सगळं मनात परत करून पाहिलं, तेव्हा तुमचा अंगठा आठवला. लांबी घेताना तुम्ही दोन बोटं जास्त धरता, कापड पहिल्या धुण्यात आटतं म्हणून. याच गोष्टीवरून आपलं बिनसलं होतं. मी बरोबर अंगाच्या मापाने कापायचो आणि तुम्ही ओरडायचात, माणूस श्वास घेतो, जेवतो, नमाजला वाकतो, त्याला जागा नको का? मला ते जमलं नाही, म्हणून मी इथे आलो. इथे सरळ, नेमकं माप लागतं. पोटावरून टेप गेला आणि वर दोन बोटं धरली, तर अंतर वाढतं, आणि अंतर वाढलं की मशीनला वाटतं ठोका फारच जोरात धावला. तुमची नस जेवढी ताठ दिसली, तेवढी ती नाही.

मी मॅडमना हे सांगितलं. त्यांनी अंदाजाने अंतर कमी करून पाहिलं. आकडा खाली आला, पण धोक्याच्या रेघेच्या खाली नाही आला, अब्बा. हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. नसा सत्तरच्या नाहीत, पण तुमच्या वयापेक्षा पुढे आहेत. गोळी घ्यावी लागेल, मीठ कमी करावं लागेल, रोज चालावं लागेल. काम सोडायला त्यांनी सांगितलं नव्हतं, आताही नाही. नेमकं समजायला माप परत घ्यावं लागेल. त्या दिवशी चहा घेऊ नका, विडी ओढू नका.

एवढं तर मी अंजनगावच्या कोणाबरोबर निरोप देऊनही कळवलं असतं. पत्र लिहिलं ते दुसऱ्याच कारणासाठी. त्या दिवशी तुम्ही परत निघालात तेव्हा स्टँडवर, बस लागलेली असताना, तुम्ही माझ्या खांद्यावर टेप टाकलात. मग छाती, मग गळा. गळ्याचं माप घेताना तुमचं बोट तिथे गरजेपेक्षा जास्त थांबलं. मी तेव्हापासून शर्टाची वाट पाहतो आहे. अंजनगावची गाडी येते त्या वेळी दोनदा स्टँडवर जाऊन कंडक्टरला विचारूनही आलो. दुकान बंद आहे हे मला माहीत नव्हतं. दुकान उघडा, अब्बा. नत्थुजींचा कुर्ता आधी शिवा, माझा शर्ट नंतर. आणि तो गाडीवर पाठवू नका, स्वतः घेऊन या. टेप या वेळी मी धरीन. शर्टाला मात्र दोन बोटं जास्त ठेवा.

तुमचाच,
उसामा