संशयी सुईण

गेंट, २ फेब्रुवारी १४७८

चि. योस यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं येशूजन्माचं चित्र आमच्या चर्चमध्ये लागलं. गोठा, बैल, गाढव, मेणबत्तीला हाताचा आडोसा धरलेला म्हातारा योसेफ, सगळं झकास. पण कोपऱ्यातली ती सुईण? कुमारिकेला बाळ कसं झालं म्हणून तपासायला गेली नि जिचा हात वाळला, तिला माझं तोंड का दिलंस? हनुवटीवरच्या तिळासकट! मिस्साच्या प्रार्थनेला आलेल्या बायका आधी तिच्याकडे बघतात, मग माझ्याकडे. महिनाभर एकाही बाळंतिणीचं बोलावणं नाही. नगरसभेपुढे शपथ घेतलेली वीस वर्षांची सुईण मी, आता घरी बसू का? खरं काय ते लिही.

तुझी ताई,
लाइसबेट

ब्रूज, ११ फेब्रुवारी

ती. ताईस योसचा सा. न. वि. वि.

तुझा संशयी स्वभाव काही जायचा नाही! अगं, दोन सुइणी काढायच्या, एक भाविक, एक शंकेखोर, हा आमचा जुना रिवाज. पुढे देवदूत तिला बाळाला शिवायला सांगतो नि हात बरा होतो, हे त्या बायकांना ठाऊक नाही का? तोंडं मनातून उतरतात, नि जन्मापासून मी तुझंच पाहिलंय. पोर गेल्यापासून तुझी भावजय कातलाइन फारशी बोलत नाही, पण दोन घास खाते. उगाच डोक्यात राख घालून घेऊ नकोस. माया आहे तशीच ठेव.

तुझा,
योस

गेंट, २० फेब्रुवारी

चि. योस यास आशीर्वाद.

काल अगदी जवळ जाऊन पाहिलं. सगळे चित्रकार तिचा उजवा हात वाळवतात. तू डावा वाळवलास. पोटात आडवं आलेलं मूल मी डाव्या हाताने वळवते. चादरीखाली माझा कुठला हात चालतो, ते मी फक्त तुला सांगितलं होतं. तोंड मनातून उतरलं असेल, हात रागातून उतरला. तुझा मुलगा माझ्या हातून गेला, असं तुला वाटतं.

तर ऐक. मी बाळंतपणाला पोचले त्याच्या दोन दिवस आधीच बाळाची हालचाल थांबली होती. कातलाइनला ते कळलं होतं. तू याच चित्रातल्या देवदूताचे पंख रंगवत होतास, तुझं काम मोडू नये म्हणून ती गप्प बसली. तू तिला जन्मभर बोल लावशील, म्हणून तिने माझ्याकडून वचन घेतलं. आज ते मोडलं, त्याचं फार वाईट वाटतंय.

चित्रातलं ते तोंड नि तो हात खरवडायला येऊ नकोस, कातलाइन कारण विचारील. मी लोकर कातून पोट भरीन. पण तुला हे कळलंय, एवढं मात्र तिला कधी कळू देऊ नकोस.

तुझी ताई,
लाइसबेट