रंगाचं इंजेक्शन

४ फेब्रुवारी, मंगळवार

नळीतून लालभडक औषध उतरतंय – पाण्यात कुंकू कालवल्यासारखं! वरुणा गावाच्या रस्त्यावर स्कूटर घसरली, पायात सळई बसवली, आणि आता त्या सळईपाशीच पू धरलाय. डॉ. पवित्रा म्हणाल्या, "या इंजेक्शनानं जंतू मेले तर बरं. नाहीतर सळई काढावी लागेल, आणि मग पायाचं काही सांगता येत नाही." मग विचारलं, "दुसरी कुठली गोळी चालू आहे?"

सासूबाई, आमच्या अत्ते, उशाशीच बसलेल्या. मी म्हटलं, "नाही."

आहे ना! दिवस जाऊ नयेत म्हणून रोज घेते. गेल्या वर्षी सहाव्या महिन्यात पोटातच बाळ गेलं. परत ते सोसायची ताकद नाही माझ्यात. रघुला माहीत आहे, नवराच तो, तोच आणून देतो. पण सासूबाई नातवाची वाट बघतायत. त्यांच्यादेखत कसं सांगू?

५ फेब्रुवारी

लघवी केशरी! नर्सनं आधी बजावलं होतं, तरी धस्स झालं.

६ फेब्रुवारी

पाय ठणकला, रडले. रुमालावर केशरी डाग – अश्रूसुद्धा!! सासऱ्यांनी रुमाल खिडकीशी नेऊन उजेडात धरला. आमच्या घरात पूर्वी साड्या रंगवायचे. धंदा गेला, नजर राहिली. सासूबाईंना म्हणाले, "नोडु कमलाक्षी, बघ तरी, मुत्तुगाचा रंग! आपला पळस ग! तुरटी न घालता बसलाय!" सासूबाईंनी साबण लावून चोळला. जाईना. तिघंही हसत सुटलो.

शिरेतून शिरलेलं औषध डोळ्यापर्यंत पोचतं. माझ्या आत केवढे रस्ते आहेत, आणि मी आपली त्यांच्या भरवशावर इतकी वर्षं बिनधास्त हिंडतेय!

२१ फेब्रुवारी

घरी! सळई राहिली, पाय वाचला. आता तेच औषध गोळ्यांतून, तीन महिने. घाम अजून केशरी. रघु म्हणतो, पांढरे शर्ट तुझ्यापासून लांब ठेवतो. ठेवतो कुठला!

३ एप्रिल

पाळी चुकली. घरात कुणी नसताना डॉ. पवित्रांना फोन केला, सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे औषध लिव्हरला जादा कामाला जुंपतं. तुमची ती गोळी काम करायच्या आतच लिव्हर तिचा फडशा पाडतं. अहो, म्हणूनच विचारलं होतं ना!"

रोज न चुकता घेत होते मी! आणि पायासाठी आलेलं औषध आत भलतीकडेच जाऊन सगळा बेत मोडत होतं – मला पत्ताही नाही. रागच यायला हवा. पण थक्क व्हायला होतं. भीती तर आहेच.

५ एप्रिल

दोन रेघा.

सासूबाईंना सांगितलं, गोळीचंही. ओरडतील वाटलं. जवळ बसून माझा हात धरला. "ती गोळी मला पहिल्यापासून माहीत होती की ग. मीही एक पोर गमावलीय, मला कळत नाही का? डॉक्टरांनी विचारलं तेव्हा 'अत्ते, जरा बाहेर जा' एवढंच म्हणायचं होतंस. गेले असते मी."